बोकडाचा खुराक वेगळा, खनिज मिश्रण वेगळं

‘रोज अर्धा किलो भरडा आणि पेंड घालतोय, मग वर मिनरल मिक्श्चर कशाला?’ पैदाशीचा बोकड सांभाळणारे बरेच जण हे विचारतात. दोन्ही एकाच घमेल्यात पडतं, म्हणून एकच वाटतं. पण दोघांचं काम वेगळं आहे आणि ही गल्लत अख्ख्या हंगामाला भोवते.

खुराक म्हणजे मक्या-ज्वारीचा भरडा, डाळीची चुनी, पेंड. त्यातून ऊर्जा आणि प्रथिनं मिळतात. हाडं दिसणाऱ्या बोकडात शेळीमागे फिरायची ताकद नसते, त्याचे वृषणही आक्रसतात. म्हणून हंगामात मोठ्या बोकडाला ३०० ते ५०० ग्रॅम खुराक हवाच. खनिज मिश्रण असतं दिवसाला जेमतेम १० ग्रॅम. त्याने अंग भरत नाही. पण त्यातलं जस्त वृषणाच्या वाढीला आणि शुक्राणू तयार व्हायला लागतं, सेलेनियम शुक्राणूची शेपूट जिथून हलते तो भाग धड ठेवतं. सेलेनियम कमी पडलं तर शेपट्या तुटतात. असा बोकड शेळीवर उडी जोरात घेईल, पण शेळी गाभण राहणार नाही.

इथेच डोळा फसतो. खुराकाने पंधरा-वीस दिवसांत कांती तुकतुकीत होते, बोकड माजोरी होतो आणि आपण समजतो की वीर्यही उत्तम असणार.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. बोकड देखणा, पण त्याने भरवलेल्या शेळ्या एकवीस दिवसांनी एकामागून एक उलटायला, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर यायला लागल्या. डॉक्टरांनी अंडकोषाच्या वरच्या बाजूला, जिथे पिशवी पोटाला मिळते तिथे, माझा हात लावायला लावला. मळलेल्या कणकेसारखा मऊ गोळा लागला. चरबी. वृषण शरीरापेक्षा ४-५ अंश थंड राहिले तरच शुक्राणू नीट बनतात, आणि ही चरबी तिथली उष्णता बाहेर पडू देत नाही. त्या दिवसापासून दर महिन्याला मी हात फिरवून बघतो.

त्यात आम्ही घालत होतो सरकी पेंड. दुभत्या जनावरांना ती आपल्याकडे सर्रास घालतात, पण सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. वळूंमध्ये ते थेट शुक्राणूंवर घाला घालतं, त्यांचा मधला भाग बिघडवतं. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराची तब्येत वरून ठणठणीत दिसते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पैदाशीच्या नराला मी आता सरकी अजिबात घालत नाही. शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड घालतो, तीही बुरशी नसलेली बघून.

नुसत्या धान्याच्या खुराकाचा आणखी एक धोका म्हणजे मुतखडा. धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. ते प्रमाण कॅल्शियमच्या बाजूने दोनास एक असावं लागतं. नराची मूत्रनळी अरुंद, त्यामुळे खडा अडकतो. बोकड पाठ ताणून उभा राहतो, कण्हतो आणि थेंब थेंब मुततो. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

आता वेळेचा हिशोब. बोकडात शुक्राणू तयार व्हायला साधारण ४७ दिवस लागतात, पुढे पिकायला आणखी दहा-बारा. म्हणजे मृगाचा पाऊस पडून हिरवं झाल्यावर जो बोकड शेळ्यांवर सोडायचा, त्याचं वीर्य चैत्र-वैशाखाच्या उन्हात घडलेलं असतं. तेव्हा गोठ्यात काय असतं? वाळका कडबा. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर, कडब्यात नावापुरतं. नेमक्या त्याच दिवसांत खनिज मिश्रण आणि मूठभर लसूणघास चुकवू नये. शेळ्या माजावर आल्यावर बोकडाचं घमेलं भरून त्या हंगामाच्या वीर्याला काही उपयोग होत नाही.

मात्र खनिज मिश्रण दुप्पट घातलं म्हणून दुप्पट गुण येत नाही. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांत अंतर कमी आहे. जास्त झालं की केस गळतात, खुरं तडकतात. आणि कळपात मेंढा असेल तर गाईंसाठीचं मिश्रण त्याला देऊ नका. त्यातलं तांबं मेंढ्याच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक तो दगावतो. पिशवीवर शेळी-मेंढी लिहिलंय का, ते बघूनच घ्या.