एकविसावं गुणसूत्र बाविसाव्याहून लहान का?

गुणसूत्रं म्हणजे पेशीतले आनुवंशिकता वाहणारे धागे. माणसाच्या गुणसूत्रांना आकडे दिले ते लांबीच्या उतरत्या क्रमाने, तरी 21 हे 22 पेक्षा लहान आहे. असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं. मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगांची गोष्ट शाळेतच होऊन जाते. 1866 साली निबंध छापून आला, त्याकडे 34 वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही आणि 1900 मध्ये तो पुन्हा उजेडात आला. पुढच्या दोन-तीन वर्षांत टोळाच्या पेशी न्याहाळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की युग्मकं (बीजांडं आणि शुक्राणू) तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जशा फुटतात, तसंच वाटाण्याचं गणित चालतं. आनुवंशिकतेला पेशीत ठावठिकाणा मिळाला तो असा.

माणसाची गुणसूत्रं मात्र कितीतरी वर्षं नीट मोजताच येत नव्हती. 1923 मध्ये वृषणाच्या पातळ कापांवरून 48 हा आकडा निघाला आणि पुस्तकांत जाऊन बसला. कापांमध्ये गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली आणि गुंतलेली असत. त्यात 48 दिसायलाच हवीत ही खात्री आधीपासून, मग पुढच्यांनाही 48 दिसत राहिली. कोंडी फुटली ती 1952 मध्ये टेक्सासमधल्या एका चुकीमुळे. पेशी धुण्याच्या द्रावणात क्षार कमी पडले, पेशी पाण्याने फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी होऊन पसरली. हीच युक्ती वापरून स्वीडनमध्ये गर्भाच्या फुप्फुसातल्या पेशी तपासल्या गेल्या आणि 1956 मध्ये 46 हा आकडा जाहीर झाला.

त्यानंतर सगळंच भराभर घडलं. 1959 च्या सुरुवातीला पॅरिसमधून बातमी आली, की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशीत 47 गुणसूत्रं असतात. (त्या पेशी वाढवण्याचं तंत्र ज्या डॉक्टर बाईंनी उभं केलं, त्यांचं नाव निबंधावर दुसरं लागलं आणि श्रेय बराच काळ पहिल्या नावाकडेच राहिलं. हा अन्यायच होता.) त्याच वर्षी एक एक्स (लिंगगुणसूत्र) कमी असण्याची आणि एक जादा असण्याची स्थितीही नोंदवली गेली. प्रत्येक प्रयोगशाळा आपापले क्रमांक देऊ लागली आणि एकाचं गुणसूत्र दुसऱ्याला ओळखू येईना.

म्हणून 1960 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला एक छोटा अभ्यासगट बसला. ठरलं ते असं: लिंगगुणसूत्रं सोडून बाकीच्या 22 जोड्यांना लांबीच्या उतरत्या क्रमाने 1 ते 22 आकडे द्यायचे, एक्स आणि वाय यांना अक्षरंच ठेवायची. लांबी हाच निकष घेण्यावाचून इलाज नव्हता, कारण तेव्हाच्या रंगद्रव्यात सगळी गुणसूत्रं एकसारखी गडद दिसत. लांबी आणि मधली आवळलेली जागा, एवढ्याच ओळखीच्या खुणा. सर्वांत लहान दोन जोड्या तर वेगळ्या सांगताच येत नसत. तरीही डाउन सिंड्रोममधल्या जादा गुणसूत्राला 21 हा आकडा चिकटला.

गोंधळ इथेच थांबला नाही. त्याच 1960 मध्ये एका प्रकारच्या रक्तकर्करोगात एक आखूड गुणसूत्र सापडलं. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना रक्तकर्करोगाचा धोका जास्त असतो हे माहीत होतंच, तेव्हा दोन्हीकडे गुणसूत्र तेच असावं असा अंदाज बांधला गेला. अंदाज आकर्षक होता, पण खोटा निघाला. 1970 च्या सुमारास गुणसूत्रांवर आडवे पट्टे उमटवणारी तंत्रं आली आणि दोन निकाल एकदम लागले. कर्करोगातलं आखूड गुणसूत्र निराळं होतं, आणि डाउन सिंड्रोममधलं जादा गुणसूत्र त्या दोघांतलं धाकटं होतं. डेन्व्हरच्या नियमाने त्याचा आकडा 22 व्हायला हवा होता.

1971 च्या पॅरिस परिषदेपुढे दोन वाटा होत्या. नियम पाळायचा तर दोन्ही आकड्यांची अदलाबदल करावी लागली असती आणि मधल्या काळातले सगळे अहवाल, रुग्णांच्या नोंदी आणि निबंध उलटे वाचावे लागले असते. परिषदेने नियम मोडला आणि 21 तसाच ठेवला. शिस्तप्रिय मंडळींना हे खटकू शकतं, पण निर्णय शहाणपणाचा होता. आकडा एव्हाना लांबीचं माप उरलाच नव्हता, तो नाव झाला होता. पुढे क्रमवाचनातून (डीएनएची अक्षरं ओळीने वाचण्यातून) आणखीही मोडलेले क्रम दिसले: 11 हे 10 पेक्षा किंचित लांब आहे, 20 हे 19 पेक्षा. लांबीने रांग लावली तर एक्स आठव्या जागी येईल. पाठ्यपुस्तकं मात्र अजून ‘आकारानुसार क्रमांक’ असं बिनदिक्कत लिहितात.

1999 च्या अखेरीस 22 चं क्रमवाचन प्रसिद्ध झालं, 2000 मध्ये 21 चं. पहिल्यात तेव्हा 545 जनुकं मोजली गेली, दुसऱ्यात अवघी 225. 21 ची तिसरी प्रत असूनही मूल जन्माला येऊन वाढू शकतं, ते बरंचसं या जनुकांच्या तुटवड्यामुळे. 13 आणि 18 यांच्यातही जनुकं विरळ आहेत. त्यांच्या तीन प्रती असलेली बाळं जन्मतात, पण बहुतेक वर्षभरही जगत नाहीत. इतर बहुतेक गुणसूत्रांची तिसरी प्रत आली तर गर्भ आधीच पडतो. जादा 21 दहापैकी सुमारे नऊ वेळा बीजांडातून येतं. मुलगी स्वतः गर्भात असतानाच तिच्या बीजांडपेशींचं अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) सुरू होतं आणि मध्येच थांबतं. ते पुढे सरकतं थेट बीजांड पक्व होताना, म्हणजे काही पेशी चाळीस वर्षंही ताटकळलेल्या असतात. तोवर जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात. आईच्या वयाबरोबर धोका वाढतो, त्याचं एक मोठं कारण हेच.