४३२ हर्ट्झचं गाणं खरंच मन शांत करतं?

‘४४० हर्ट्झचं संगीत मन बिघडवतं, ४३२ हा निसर्गाचा स्वर’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. (४४० म्हणजे वाद्यं जुळवताना आधार धरल्या जाणाऱ्या A या स्वराची आजची प्रमाण कंपनसंख्या; तोच स्वर ४३२ला जुळवावा, असं संदेशाचं म्हणणं.) दोहोंतलं अंतर जेमतेम ३२ सेंट (स्वरांतर मोजायचं एकक, अर्ध्या स्वरात असे १००), अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आणि सेकंद माणसानेच ठरवलेला. मग आकड्यात निसर्ग कुठून येणार?

पडताळा घरीच घेता येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४४०चं गाणं १.८२ टक्के खालच्या पट्टीत उतरवा, लय तीच ठेवा. (नुसता वेग कमी करून पट्टी उतरवलीत तर गाणं संथही होतं, आणि शांत वाटणं त्यामुळेही असू शकतं.) दोन्हींचा आवाज सारखा हवा. नाणं उडवून क्रम ठरवत दुसऱ्या कुणीतरी २० जोड्या वाजवाव्यात; तुम्ही न बघता जास्त शांत वाटलेलं गाणं नोंदवा. ४३२ची निवड १०च्या आसपास आली, तर तो निव्वळ योगायोग.