'स्लेव्ह प्ले' आणि 'कन्यादान': जखम कोणाच्या घरातून दिसते?

'स्लेव्ह प्ले' म्हणजे अमेरिकेचं 'कन्यादान', हे वाक्य ठाण्यातल्या नाटकवेड्यांच्या गप्पांत मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. गडकरी रंगायतनचा प्रयोग सुटल्यावर तलावपाळीला चहा घेताना कुणीतरी ते म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात. वरवर पाहिलं तर जुळतंही. दोन्हींत दाबणाऱ्या आणि दाबल्या गेलेल्या समाजातली माणसं एकमेकांच्या प्रेमात पडली आहेत, दोन्हींत ते प्रेम जखमा करतं, आणि दोन्ही नाटकांवर 'सोसणाऱ्यांचीच बदनामी केली' असा आरोप झाला. पण ही तुलना मला पटत नाही. साम्य आहे, मात्र ते लोक दाखवतात तिथे नाही.

विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' १९८३ चं. नाथ देवळालीकर हे समाजवादी आमदार, पत्नी सेवा तितकीच चळवळीतली. मुलगी ज्योती सांगते, मी अरुण आठवलेशी लग्न करणार. अरुण दलित आहे, कविता लिहितो. नाथ अरुणला बघण्याआधीच हरखून जातात. आपल्या घरात जात मोडते आहे याचा तो आनंद. पुढे अरुण ज्योतीला मारतो, ती माहेरी येते आणि नाथ तिला परत जायला समजावतात, कारण हा मोलाचा प्रयोग फसता कामा नये. अरुणचं आत्मचरित्र गाजतं, गरोदर ज्योतीचे हाल चालूच राहतात, आणि त्याच पुस्तकाच्या सभेत नाथ अध्यक्ष म्हणून त्याचं कौतुक करतात. शेवटी ज्योती बापाला सुनावते: माणूस मुळात वाईट नसतो, लढाईतून पळायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे आता मला परतीची वाट उरलेली नाही.

'स्लेव्ह प्ले' लिहिलं जेरेमी ओ. हॅरिस या कृष्णवर्णीय नाटककाराने, येल विद्यापीठात नाट्यलेखन शिकत असताना. रॉबर्ट ओहारा यांच्या दिग्दर्शनात ते २०१८ मध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये आलं आणि २०१९ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर. टोनी या ब्रॉडवेच्या नाट्यपुरस्कारांची १२ नामांकनं मिळाली. संगीत नाटक नसलेल्या नाटकाला तोवर एवढी कधी मिळाली नव्हती. पुरस्कार मात्र एकही आला नाही.

नाटकाबद्दल बोलायचं तर त्यातलं गुपित फोडावंच लागतं. पडदा उघडतो तेव्हा आपण व्हर्जिनियातल्या गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यावर असतो. गुलाम आणि मालक अशा जोड्यांची उघडी, अंगावर येणारी लैंगिक दृश्यं चालू असतात. पण मध्येच आजचं एखादं गाणं वाजतं, कुणाच्या बोलण्यात आजचा शब्द येतो, आणि काहीतरी खटकत राहतं. अंकाच्या शेवटी जिम नावाचा गोरा पुरुष खेळ थांबवण्यासाठी ठरवलेला शब्द उच्चारतो आणि सगळं उलगडतं: ही आजची तीन जोडपी आहेत. प्रत्येकातल्या कृष्णवर्णीय जोडीदाराला गोऱ्या जोडीदाराच्या सहवासात सुख वाटेनासं झालं आहे, आणि उपचार म्हणून त्यांना हा खेळ खेळायला लावला आहे. दुसरा अंक म्हणजे या जोडप्यांची समुपदेशनाची बैठक. तिसऱ्यात फक्त कनीशा आणि तिचा नवरा जिम, आपल्या खोलीत.

मला खरं साम्य दिसतं ते टिया आणि पॅट्रिशिया या दोन समुपदेशकांत आणि नाथ देवळालीकरांत. तिघांचाही हेतू चांगला आहे, तिघांकडे पक्का सिद्धांत आहे, आणि समोरच्या माणसाला काय होतंय यापेक्षा आपली मांडणी खरी ठरते का याकडे तिघांचं लक्ष जास्त. टिया आणि पॅट्रिशिया स्वतःही एकमेकींच्या जोडीदार आहेत. बैठक चालवता चालवता त्यांच्याच नात्याला तडे जातात. नाथांच्या घरातही शेवटी तेच होतं. लोक अरुण आणि जिम यांची तुलना करत बसतात. माझ्या मते शेजारी ठेवायची माणसं ही आहेत.

मग फरक कुठे? नाटक कोणाच्या घरात घडतं, तिथे. 'कन्यादान' पहिल्यापासून शेवटपर्यंत देवळालीकरांच्या दिवाणखान्यात राहतं. अरुण तिथे येतो, बोलतो, दुखावतो, निघून जातो. त्याचं घर, त्याची आई, त्याच्या वस्तीतल्या बाया रंगमंचावर कधीच येत नाहीत. ज्योती आणि अरुण यांचं खासगी आयुष्य आपल्याला ज्योतीच्या आणि सेवाच्या तोंडून कळतं. डोळ्यांसमोर दिसतो तो पिरगळलेला हात आणि नंतरचा दारूच्या नशेतला पश्चात्ताप. प्रेक्षकाला नाथ-सेवांच्या सोफ्यावर बसवलेलं असतं. तेंडुलकरांनी हे जाणूनबुजून केलं असं मी मानतो. त्यांना तपासायचा होता तो सवर्ण सुधारक, आणि त्याची तपासणी त्याच्याच घरात होऊ शकते.

'स्लेव्ह प्ले' उलट दिशेने जातं. त्याला कृष्णवर्णीय माणसाचीच इच्छा तपासायची आहे: ज्याच्या पूर्वजांनी माझ्या पूर्वजांना विकत घेतलं, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसावर मी प्रेम करते, तर माझ्या शरीराने काय करायचं? हे विचारायला नाटकाला थेट शयनगृहात जावं लागतं. ब्रॉडवेच्या प्रयोगात मागे आरसे होते. त्यांत मळ्याच्या घराचं प्रतिबिंब पडे आणि प्रेक्षकांना आपले चेहरेही दिसत. शेवटच्या अंकात कनीशा दीर्घ बोलते. लहानपणी शाळेच्या सहलीत असे मळे बघायला नेत, पूर्वज तुला बघताहेत असं आई सांगे, ते सगळं येतं. जिमने फक्त ऐकावं एवढीच तिची मागणी आहे. तो ऐकतो का, आणि त्यानंतर जे घडतं ते बरं होणं आहे की आणखी एक इजा, यावर माणसं अजून भांडतात. 'कन्यादान'मध्ये शेवटचं मोठं बोलणं ज्योतीचं आहे, म्हणजे सवर्ण घरातल्या मुलीचं. अरुणच्या बाजूच्या एकाही बाईला एकही वाक्य नाही.

आता वंश आणि जात. वंश डोळ्यांना दिसतो असं आपण धरून चालतो, आणि हॅरिस नेमकं तेच ढवळतो. डस्टिन गोरा दिसतो पण आपण गोरे नाही म्हणून हटून बसतो, आणि त्याचा कृष्णवर्णीय जोडीदार गॅरी त्याने पिचून जातो. फिलिप मिश्र वंशाचा, त्याची गोरी जोडीदार अलाना त्याचा वंश बघायलाच तयार नाही. जात मात्र बोलण्यात, आडनावात, भाड्याच्या खोलीच्या चौकशीत कळते. अरुण ज्योतीपुढे बोलतो ते उन्हापावसात अनवाणी 'जोहार' घालत फिरलेल्या आजे-पणज्यांबद्दल, आणि ते बोलणं प्रेमाचं आहे की सूड उगवण्याचं हे ज्योतीला कळत नाही. कायद्याचा इतिहासही वेगळा आहे. ज्या व्हर्जिनियात 'स्लेव्ह प्ले' घडतं, तिथली आंतरवंशीय विवाहावरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केली. आपल्याकडे विशेष विवाह कायदा १९५४ चा, आणि त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय म्हटलेलं. नाथ ज्या वाक्यावर जगतात ते हेच. तिकडचं प्रेम बंदीतून सुटून आलेलं आहे, इकडच्या प्रेमावर समाज सुधारण्याचं ओझं. ज्योती त्या ओझ्याखाली सापडते.

आक्षेपसुद्धा सारखे वाटतात, पण आले ते वेगळ्या जागेवरून. दलित तरुणाला बायको मारणारा दाखवून सवर्णांच्या पूर्वग्रहाला खाद्य दिलं, हा 'कन्यादान'वरचा आक्षेप एका ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या लेखकावर होता. तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली, आणि याच नाटकासाठी पुढे १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. तो आक्षेप मी झटकून टाकणार नाही. एकाच दलित पात्राच्या खांद्यावर अख्खा समाज येतो, तेव्हा प्रेक्षक त्याला एकटा माणूस म्हणून बघतच नाही. हॅरिसवर मात्र स्वतःच्याच समाजातून, विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रियांकडून टीका झाली: आमच्या आज्यांवर झालेले बलात्कार हा खेळ आहे का? नाटक बंद करा म्हणून ऑनलाइन अर्जही फिरला. बाहेरचा म्हणून त्याला बाजूला सारता येईना, आणि म्हणूनच ते भांडण जास्त जिव्हारी लागलं.

प्रेक्षागृहाचाही प्रश्न आहे. 'स्लेव्ह प्ले'ने सप्टेंबर २०१९ मध्ये 'ब्लॅक आउट' प्रयोग केला. ब्रॉडवेवरच्या गोल्डन थिएटरच्या सुमारे ८०० खुर्च्यांवर कृष्णवर्णीय प्रेक्षक. २०२४ मध्ये लंडनला असे दोन प्रयोग जाहीर झाले तेव्हा ब्रिटनचे त्या वेळचे पंतप्रधान सुनक यांच्या कार्यालयाने ते फूट पाडणारं ठरवलं. मला त्या प्रयोगांमागचा विचार पटतो. शेजारचा गोरा माणूस कशावर हसतो याकडे अर्धं लक्ष न देता नाटक बघता यावं, एवढंच त्यात आहे. 'कन्यादान'चा प्रयोग गडकरीला लागला तर तिसऱ्या रांगेत कोण आणि बाल्कनीत कोण, कोण अरुणवर चिडतं आणि कोण खुर्चीत आक्रसून बसतं, हे आपण कधी विचारतच नाही.

म्हणून 'अमेरिकेचं कन्यादान' म्हणण्यापेक्षा मी वेगळं शोधेन. 'स्लेव्ह प्ले'ला मराठीत जोड हवी असेल तर ते नाटक दलित स्त्रीने लिहिलेलं असेल, नवरा सवर्ण असेल, भला आणि प्रेमळ असेल, घर घोडबंदरला किंवा ऐरोलीला असेल, आणि नाटक त्यांच्या निजायच्या खोलीत सुरू होईल. नाटकाला प्रयोगाआधी परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता न्यावी लागेल, तिथे भांडावं लागेल. तोवर दोन्ही संहिता हाताशी असतील त्यांनी आधी 'कन्यादान'चा शेवटचा प्रवेश आणि लगेच 'स्लेव्ह प्ले'चा तिसरा अंक वाचावा. दोन बायका बोलत आहेत. एक बापाशी बोलते, दुसरी नवऱ्याशी.