बोगद्यातील जीपीएस दिशादर्शन

गाडी बोगद्यात शिरली की जीपीएसचा संपर्क तुटतो, तरी मोबाइलच्या पडद्यावरचा बाण पुढे सरकतच राहतो. त्या बाणामागे तेव्हा उपग्रह नसतात, निव्वळ अंदाज असतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात. त्यांचे संदेश जमिनीवर पोचेपर्यंत इतके क्षीण होतात की इमारतीचे दोन-चार स्लॅबही त्यांना पुरे पडतात. सह्याद्रीचा कातळ तर सोडाच. ठिकाण पक्के कळायला निदान चार उपग्रह एकाच वेळी ‘दिसावे’ लागतात. मोबाइलला रेंज आहे म्हणजे जीपीएसही चालू असणार, हा सर्रास आढळणारा गैरसमज. बोगद्यात केबल टाकून रेंज आणता येते, पण तिचा उपग्रहांशी संबंध नसतो.

संपर्क तुटल्यावर चालणाऱ्या गणिताला डेड रेकनिंग म्हणतात. शेवटचे पक्के ठिकाण, वेग आणि दिशा यांवरून गाडी आता कुठे असेल ते काढायचे, ही खलाशांची जुनी युक्ती. गाडीतच बसवलेली यंत्रणा यात सरस, कारण तिला चाकांचे फेरे मोजता येतात. काचेला चिकटवलेल्या मोबाइलकडे हालचाल टिपणारे सेन्सर असतात, पण त्यांच्या बारीक चुका सेकंदागणिक साठत जातात. आधीचाच वेग धरून बाण हाकला जात असेल आणि आत वाहतूक तुंबली, तर गाडी अंधारात उभी नि बाण पलीकडच्या उजेडात, अशी गंमत होते.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरच्या भाताण किंवा माडप बोगद्यात याने फारसे बिघडत नाही. मार्च २०२४मध्ये वाहतुकीला खुला होऊ लागलेला, मुंबईच्या किनारी रस्त्यावरचा मलबार हिलखालचा जोडबोगदा २.०७ किमीचा; ताशी ६० किमी वेगाने तो दोन मिनिटांत संपतो. आत फाटाच नसेल तर चुकायचे कुठे?

पंचाईत होते ती जमिनीखाली रस्ते फुटतात तिथे. अमेरिकेत बॉस्टन शहराखालून जाणाऱ्या महामार्गाच्या बोगद्यात बाहेर पडायचे फाटे आतच आहेत. नॉर्वेतील ट्रोम्सो शहराखाली तर बोगद्यांना जोडणारे गोल चौकसुद्धा आहेत. शिकागोच्या दुमजली वॅकर ड्राइव्हवर वेगळाच घोळ होतो: आपण वरच्या रस्त्यावर आहोत की खालच्या, हेच फोनला धड कळत नाही.

यावर ‘वेझ’ या रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपने २०१६मध्ये ब्लूटूथ बीकन आणले. बोगद्याच्या भिंतीवर ठराविक अंतराने बसवलेल्या या बॅटरीवरच्या डब्या एकतर्फी संदेश सोडतात आणि फोन त्यावरून आपली जागा ओळखतो. बॉस्टनच्या बोगद्यांत त्या लागल्या आहेत. गूगल मॅप्सच्या अँड्रॉइड आवृत्तीतही २०२४च्या सुरुवातीला ही सोय आली; मात्र सेटिंगमध्ये जाऊन ती आपण होऊन सुरू करावी लागते, आणि ब्लूटूथ बंद असेल तर डबी डोक्यावर असूनही फोनला तिचा पत्ता लागत नाही.