इंग्लंडमध्ये घरबांधणीसाठी कौन्सिलला जमीन कशी सुचवायची?

इंग्लंडमधल्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेला, पुढची ५ वर्षं घरांना पुरेल एवढी जमीन दाखवावी लागते. डिसेंबर २०२४ च्या राष्ट्रीय नियोजन धोरणानुसार किती घरं हवीत याच्या हिशेबाची सुरुवात होते हद्दीतल्या एकूण घरांच्या ०.८ टक्क्यांपासून, दरवर्षी. समजा ६०,००० घरं आहेत, तर वर्षाला ४८०. घरांच्या किमती तिथल्या वर्षाच्या कमाईच्या पाचपटीपुढे गेल्या असतील तर हा आकडा आणखी चढतो. त्यावर किमान ५ टक्के जास्तीची जमीन धरायची ती वेगळीच.

ही जमीन शोधायला कौन्सिल ‘कॉल फॉर साइट्स’, म्हणजे जागा सुचवायचं आवाहन, काढते. मालक, बिल्डर, एजंट, कुणीही जागा सुचवू शकतं. मात्र मालक विकायला तयार नसेल तर ती पुढे सरकत नाही. साधारणपणे ५ घरं बसतील किंवा ०.२५ हेक्टर भरेल एवढी जागा हवी.

फॉर्मसोबत नकाशा लागतो, बहुधा १:१२५० किंवा १:२५०० प्रमाणात, हद्द लाल रेघेनं आखलेली. ही रेघ सार्वजनिक रस्त्याला भिडते का, ते आधी बघा. शेत व्यवस्थित आखलेलं असतं आणि फाटकापासून रस्त्यापर्यंतची चिंचोळी पट्टी बाहेरच राहते. ती दुसऱ्याच्या नावावर निघाली की तो सांगेल ती किंमत. तिला ‘रॅन्सम स्ट्रिप’ म्हणतात, म्हणजे खंडणीची पट्टी. नाव अगदी चपखल आहे. म्हणून लँड रजिस्ट्रीतून, म्हणजे जमीन नोंदणीच्या सरकारी कार्यालयातून, मालकीचा दाखला आणि त्याचा नकाशा आधीच काढून घ्या. सहमालक, भाडेकरार, पुराचा धोका, ग्रीन बेल्ट (शहराभोवतीचा, बांधकामावर कडक बंधनं असलेला पट्टा), जे असेल ते लिहा. लपवून उपयोग नाही, छाननीत ते निघतंच.

छाननीत तीन गोष्टी पाहतात: जागा आत्ता मोकळी आहे का, ठिकाण योग्य आहे का आणि ५ वर्षांत तिथे खरंच घरं उभी राहतील का. काही जागा तिसऱ्यावर अडतात. ‘घरं कधी?’ या रकान्यात ‘लवकरच’ लिहू नका. बिल्डरशी करार झाला असेल तर त्याची तारीख द्या.

तुमच्या जागेची माहिती जाहीर होते, शेजाऱ्यांनाही कळते. आणि छाननीनंतरच्या यादीत जागेचं नाव आलं म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असं नाही. जागा स्थानिक आराखड्यात, म्हणजे कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या कौन्सिलच्या योजनेत, घ्यायची की नाही हे हरकती-सूचना आणि सरकारनं नेमलेल्या इन्स्पेक्टरच्या तपासणीनंतर ठरतं. परवानगीचा अर्ज त्याहून वेगळा.

कौन्सिलचा हिशेब ५ वर्षांपेक्षा कमी भरला, तर आराखड्याबाहेरच्या जागेच्या अर्जालाही वजन येतं. गावाचा विरोध असूनही अपिलात काही वसाहतींना परवानगी मिळते, ती यामुळेच.