जुन्या घरांच्या गॅरेज-दारांची दुरुस्ती

अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत, राहत्या घराला जोडून किंवा घरामागे बांधलेल्या मोटार ठेवण्याच्या खोलीचे दार दुरुस्त करून पुन्हा सुरक्षितपणे चालते करण्याचे काम. सुतारकाम, लोहारकाम आणि वीजकाम यांच्या सीमेवरचा हा तेथे एक स्वतंत्र व्यवसाय आहे. घरातल्या हलत्या वस्तूंपैकी हे दार सर्वांत मोठे आणि बहुधा सर्वांत जड असते. उपनगरांतील असंख्य कुटुंबांची रोजची ये-जा दर्शनी दरवाजातून न होता याच दारातून होते, त्यामुळे ते अडले की घराचा दिनक्रमच अडतो.

या दुरुस्तीतील जवळजवळ प्रत्येक प्रश्न शेवटी दाराच्या वजनाशी येऊन थांबतो. बटण दाबल्यावर दार मोटर उचलते, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. भार पेलतात त्या स्प्रिंगा. दार खाली येताना स्प्रिंगेत ताकद साठते आणि वर जाताना तीच परत मिळते. तोल नीट असेल तर सोळा फूट रुंदीचे दारही एका हाताने उचलता येते. मोटर त्या तोललेल्या दाराला फक्त हलवते. महाराष्ट्रातील दुकानांचे हाताने वर सारायचे शटर याच तत्त्वावर चालते. त्याच्या वरच्या पाइपवर गुंडाळलेल्या पट्टीच्या स्प्रिंगा असतात आणि त्या सैल पडल्या की शटर जड होते. जुन्या घरात हा तोल बिघडण्याची कारणे मात्र एकट्या दारात सापडत नाहीत. ती भिंतीत, जमिनीत आणि आधीच्या मालकांनी वेळोवेळी केलेल्या डागडुजीतही दडलेली असतात.

दारांच्या पिढ्या : कारागिराला आधी दार कोणत्या काळातले आहे ते ओळखावे लागते, कारण प्रत्येक पिढीचे दुखणे वेगळे. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये बाजारात आली आणि मध्यमवर्गीयांच्या दारी मोटार दिसू लागली. पेट्रोलला आग लागण्याच्या भीतीने सुरुवातीची गॅरेजे घरापासून दूर, परसदारी, मागच्या गल्लीकडे तोंड करून बांधली जात. त्यांना घोडागाडीच्या खोल्यांसारखीच बाहेर उघडणारी दोन पाखांची लाकडी दारे असत, किंवा रुळावर बाजूला सरकणारी. हिवाळ्यात दारापुढे बर्फ साचला की बाहेर उघडणारे दार उघडता येत नसे. सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आडव्या पट्ट्यांचे, बिजागऱ्यांवर दुमडत छताखाली जाणारे दार तयार केले आणि ही अडचण दूर झाली. विजेवर चालणारी उघडझापही त्यांनीच १९२६ मध्ये आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरे झपाट्याने वाढली, गॅरेज घराला जोडले गेले आणि विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर एकसंध दाराची चाल पडली. हे दार एकाच सलग फळ्याचे असते. उघडताना त्याची खालची कड आधी बाहेर झेपावते आणि मग सबंध फळा छताखाली आडवा होतो. पुढे पातळ पोलादी पत्र्याची पट्ट्यांची दारे आली आणि आज नव्या घरांत बहुधा तीच असतात.

दोन पाखांच्या दारांची दुरुस्ती हे निखळ सुतारकाम आहे. पाख स्वतःच्याच वजनाने मोकळ्या बाजूला झुकते आणि खालची कड जमिनीला घासू लागते. पुष्कळ जण अशा वेळी कड रंधून काढतात. त्याने दार काही महिने चालते, पण झुकणे थांबत नाही. खरा उपाय तिरप्या आधाराचा आहे आणि त्याची दिशा महत्त्वाची. लाकडी आधार दाब पेलतो, म्हणून तो बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवा. लोखंडी तार किंवा सळई ताण पेलते, म्हणून तिची दिशा नेमकी उलट : बिजागरीच्या बाजूला वर, मोकळ्या बाजूला खाली. उलट्या दिशेने ठोकलेले आधार जुन्या गॅरेजांत वारंवार आढळतात. ते नुसते वजन वाढवतात.

एकसंध दाराच्या दोन्ही बाजूंना चौकटीवर लोखंडी हात आणि उघड्या ताणस्प्रिंगा असतात. सगळा भार चौकटीच्या लाकडावर येतो आणि ते लाकूड खालून ओल धरून कुजते. मग स्क्रू धरत नाहीत, हाताच्या खुंट्यांची भोके लांबट होतात, दार एका बाजूने आधी उठते. अशा वेळी नवी स्प्रिंग बसवणे निरुपयोगी आहे. आधी चौकट बदलायला हवी. जुनी उघडी स्प्रिंग तुटली तर तिचा तुकडा जोराने उडतो. अशा दाराचे सुटे भाग मिळणेही कठीण होत चालले आहे. तरीही लाकूड ठणठणीत असेल, चौकट भक्कम असेल आणि घराच्या दर्शनी रूपात ते दार शोभत असेल, तर ते राखणेच योग्य. ‘हे आता दुरुस्त होत नाही’ असे सांगून सरसकट नवे दार विकण्याची रीत या व्यवसायात आहे आणि ती घरमालकाच्या हिताची नाही.

स्प्रिंगा : पट्ट्यांच्या दारांत दोन प्रकार आढळतात. आडव्या रुळांच्या वर लांबीने ताणली जाणारी ताणस्प्रिंग, आणि दाराच्या माथ्यावर लोखंडी दांड्याभोवती बसवलेली पिळाची स्प्रिंग. ताणस्प्रिंगेच्या पोटातून एक सुरक्षा-तार ओवलेली असावी लागते, म्हणजे स्प्रिंग तुटली तरी ती तारेवरच राहते. जुन्या घरांत ही तार बहुधा नसते. ती ओवण्याचा खर्च किरकोळ आहे आणि तिने डोके, डोळे व गाडीची काच वाचते; म्हणून अशा घरात दुसऱ्या कशालाही हात लावण्यापूर्वी हे काम व्हावे.

पिळाच्या स्प्रिंगेचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात. एकदा उघडणे आणि मिटणे मिळून एक फेरी. सर्वसाधारण स्प्रिंग १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सुमारे सात वर्षे. थंडीत पोलाद ठिसूळ होते, त्यामुळे पुष्कळ स्प्रिंगा कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी तुटतात. बंदुकीसारखा आवाज होतो आणि स्प्रिंगेच्या वेढ्यांत दोन इंचांची फट दिसू लागते. सात फूट उंचीच्या दारासाठी या स्प्रिंगेला सुमारे साडेसात वेढे पीळ द्यावा लागतो. तो देताना स्प्रिंगेच्या टोकाला बसवलेल्या शंकूच्या आकाराच्या धातूच्या टोपणातील भोकांत नेमक्या मापाचे पोलादी दांडे आळीपाळीने घालतात. दांड्याऐवजी पेचकस वापरून हात मोडून घेतल्याच्या घटना घडत आल्या आहेत. दाराच्या खालच्या कोपऱ्यातील पकडी, जिथे दार वर ओढणारी उचलतार अडकवलेली असते, त्यांवरही पूर्ण ताण असतो. त्यांचे स्क्रू दार बंद असताना सोडवू नयेत. बिजागऱ्या, चाके, खालची रबरी पट्टी ही कामे हाताची सवय असलेला घरमालक करू शकतो. स्प्रिंग आणि तार ही जाणत्याची कामे आहेत.

वजनाचा शोध : जुने लाकडी दार आज ज्या वजनाचे आहे त्या वजनाचे ते मुळात नसते. वीस-तीस वर्षांत चढलेले रंगाचे थर, पावसात फुगलेला हार्डबोर्ड, कुजलेल्या भागावर ठोकलेला प्लायवूड, थंडीसाठी आतून चिकटवलेल्या थर्मोकोलच्या पाट्या यांनी ते जड होत जाते. सोळा फुटी भरीव लाकडी दार दीडशे किलोंच्या घरात जाऊ शकते, तर एका गाडीचे साधे पत्र्याचे दार चाळीस किलोंच्या आसपास असते. स्प्रिंगा मात्र जुन्याच वजनाच्या हिशेबाने बसवलेल्या. वाढलेला भार मग मोटरीवर पडतो आणि मालक मोटर बदलत राहतो. चांगला कारागीर स्प्रिंगांचा पीळ उतरवून दार चक्क माणसांच्या वजनकाट्यावर टेकवतो, आकडा लिहून घेतो आणि मगच स्प्रिंग निवडतो.

घरच्या घरी करण्याजोगी एक सोपी परीक्षा आहे. दार बंद असताना मोटरीपासून लोंबणारी लाल दोरी ओढून मोटर सोडवायची आणि दार हाताने कमरेएवढे वर न्यायचे. तिथे ते स्थिर राहिले तर तोल ठीक. खाली घसरले तर स्प्रिंगा थकल्या, वर पळाले तर पीळ जास्त झाला. दार उघडे असताना ही दोरी ओढू नये. स्प्रिंग तुटलेली असली तर दार धाडकन खाली येते.

भिंत आणि जमीन : दार वाकडे चालते तेव्हा दोष अनेकदा दारात नसतो. सोळा फुटांच्या मोकळ्या जागेवरची लाकडी तुळई पन्नास वर्षांत मधोमध झुकते, पाया एका कोपऱ्यात खचतो, थंड प्रदेशांत गोठणाऱ्या मातीने फरशी उचलली जाते. दोन रूळ समांतर राहत नाहीत आणि चाके अडतात. रुळांना वंगण फासून हे सुटत नाही. उलट धूळ चिकटून ते अधिक बिघडते. वंगण लागते ते बिजागऱ्यांना, चाकांच्या आसांना आणि स्प्रिंगेच्या वेढ्यांना. १९२० च्या सुमाराच्या गॅरेजांत दुसरी अडचण डोक्यावरच्या जागेची. पिळाच्या स्प्रिंगेला दाराच्या वर साधारण फूटभर मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर दुहेरी रुळांची खास जोडणी वापरून चार-पाच इंचांतही भागवता येते. शेजारच्या दोन लहान दारांमधला खांब काढून एकच रुंद दार करण्याची हौस मात्र अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुरी करू नये, कारण छताचा भार त्या खांबावर असतो.

मोटर आणि कायदा : आपोआप मिटणाऱ्या दाराखाली सापडून १९८० च्या दशकात अमेरिकेत डझनावारी लहान मुले दगावली. त्यानंतर संघराज्याने नियम केला : १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरींना अडथळा ओळखणारी वेगळी व्यवस्था हवी. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसवलेले प्रकाशकिरणाचे डोळे हे तिचे सर्वपरिचित रूप. दाराखाली दीड इंच जाडीची लाकडी पट्टी आडवी ठेवली तर तिला टेकल्यावर दोन सेकंदांत दार उलटे फिरले पाहिजे. त्याआधीच्या काळातल्या मोटरी दणकट होत्या आणि काही अजूनही चालतात. त्यांचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे, पण घरात मूल असेल तर ती मोटर काढूनच टाकावी. तिथे दुरुस्तीचा आग्रह धरू नये. न्यू जर्सी, शिकागोचा परिसर किंवा कॅलिफोर्नियाचा बे एरिया येथे १९५० ते १९७० च्या दशकांतली घरे विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी खरेदीपूर्व तपासणीत हे डोळे आहेत का आणि ते खरोखर चालतात का, हे आवर्जून पाहावे. आधीच्या मालकाने दोन्ही डोळे छताजवळ समोरासमोर बांधून यंत्रणा फसवलेली असणे, हा प्रकार सर्रास आढळतो.

उत्तर कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०१७ मध्ये वणवे पेटले तेव्हा वीज गेली आणि काही वृद्धांना गॅरेजचे दार हाताने उघडता आले नाही. त्यात माणसे मेली. त्यामुळे १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात विकल्या किंवा बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटरीला राखीव बॅटरी सक्तीची झाली. जुनी मोटर ठेवून तिला नवे दार जोडायलाही तेथे मनाई आहे, जर त्या मोटरीला बॅटरी नसेल. फ्लोरिडात चिंता वाऱ्याची. ऑगस्ट १९९२ मधील अँड्र्यू चक्रीवादळात गॅरेजची दारे आत ढकलली गेली, घरात वारा शिरला आणि त्याच्या दाबाने छपरे उडाली. तेव्हापासून तेथे वाऱ्याचा जोर सोसणाऱ्या दारांचे नियम कडक झाले आणि जुन्या दारांना आतून आडवे-उभे पोलादी आधार देण्याचे काम वाढले.

जतन : अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या दारांवरचा रंग कोरडा घासणे घातक आहे. २०१० पासून अशा घरांत काम करणाऱ्या ठेकेदारांना त्यासाठी प्रमाणपत्र लागते. ऐतिहासिक ठरवलेल्या वस्त्यांत दार बदलण्यापूर्वी स्थानिक समितीची परवानगी घ्यावी लागते आणि संघराज्याच्या जतनविषयक निकषांचा कल स्पष्ट आहे : जीर्ण भाग बदलण्याऐवजी दुरुस्त करावा. व्यवहारात याचा अर्थ कुजलेल्या खालच्या आडपट्टीचा तेवढाच तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचे ठिगळ बसवणे. जुन्या दारांत डग्लस फर, रेडवूड किंवा सीडर असे. त्यांचे दाट रेषांचे लाकूड आजच्या बाजारात सहज मिळत नाही. पालो अल्टो येथील ३६७, ॲडिसन ॲव्हेन्यू या घरामागचे दोन पाखांच्या दाराचे गॅरेज हे या दृष्टिकोनाचे सर्वांत नावाजलेले उदाहरण. विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड यांनी १९३८–३९ मध्ये तेथे आपला ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) हा उद्योग सुरू केला. कंपनीने २००० मध्ये ही मालमत्ता विकत घेतली आणि २००५ मध्ये तिचे जीर्णोद्धाराचे काम पुरे केले.