सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस: सीडी-फोरच्या नळीतले रक्त का चालत नाही

एचआयव्हीसाठी नियमित एआरटी (विषाणूरोधक औषधे) घेणाऱ्यांच्या रिपोर्टात ग्लोब्युलिन (रक्तातल्या प्रथिनांचा एक गट) वाढलेले दिसले की डॉक्टर अनेकदा ही तपासणी, म्हणजे रक्तातली प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करून आलेखावर पाहणे, लिहून देतात, आणि परळच्या आमच्या लॅबच्या काउंटरवर तीच विनंती होते: “सीडी-फोरसाठी सकाळी रक्त दिले आहे, त्यातूनच करा.”

सीडी-फोर म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी; तिचे रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत असते. त्या नळीतले औषध रक्त गोठू देत नाही, त्यामुळे फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन प्लाझ्मात (रक्तातल्या द्रवात) तसेच राहते आणि आलेखाच्या बीटा व गॅमा या भागांच्या मध्ये एक पट्टा उमटवते, जो एम-बँडसारखाच, म्हणजे एकाच प्रकारच्या प्रतिपिंडाच्या पट्ट्यासारखा, दिसतो. नसलेल्या पट्ट्यापायी पुढच्या महागड्या तपासण्या आणि घरभर काळजी. म्हणून असा नमुना आम्ही घेत नाही. विरार-बदलापूरहून लोकलने आलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचणे आम्हालाही जड जाते. मात्र त्याचे वेगळे शुल्क आम्ही आकारत नाही. बाहेरून नमुना आणायचा असल्यास रक्त लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत घेऊन, अर्धा तास गोठू देऊन वेगळे केलेले सीरमच (गोठल्यावर उरणारा द्रव) आणावे. उपाशीपोटी येण्याची सहसा गरज नसते.

एचआयव्हीमुळे प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी सतत चेतवल्या जातात, म्हणून गॅमा भागात रुंद फुगवटा येतो. उपचाराने तो कमी होतो, पण पूर्ण जातोच असे नाही. यकृताच्या जुनाट आजारातही तो दिसतो. अरुंद, टोकदार पट्टा, म्हणजे एम-बँड, ही वेगळी गोष्ट असून तो कोणत्या प्रतिपिंडाचा, कॅपा की लॅम्डा प्रकारचा, हे इम्युनोफिक्सेशन या पुढच्या तपासणीने कळते. एचआयव्हीत असे फिकट पट्टे कधी एआरटीनंतर नाहीसेही होतात. खरा एम-बँड म्हणजेही कर्करोगच असे नव्हे: प्रमाण ३ ग्रॅम प्रति डेसीलिटरपेक्षा कमी असून हाडे, मूत्रपिंड, कॅल्शियम, हिमोग्लोबिन ठीक असल्यास बहुधा केवळ देखरेख पुरते. घाबरून एआरटी बंद करणे मात्र घातक.

अर्जावर एचआयव्हीचा उल्लेख करण्याची सक्ती नाही; २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तो निर्णय तुमचा आहे. सांगितल्यास आमच्या पॅथॉलॉजिस्टना आलेख नीट वाचता येतो आणि माहिती गोपनीय राहते.

सीरम आम्ही सात दिवस थंड जपून ठेवतो, त्यामुळे डॉक्टरांनी नंतर इम्युनोफिक्सेशन सांगितले तरी सहसा पुन्हा यावे लागत नाही. काही महिन्यांनी फेरतपासणी एकाच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने केली तरच आकडे ताडून पाहता येतात. आमच्याकडे मागचा आलेख नव्याशेजारी छापून मिळतो.